२४ व्होल्टचा नियम, लिपो बॅटरी आणि विभागप्रमुखांचा नकार: रोबोकॉनच्या एका संघाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा संघ पहिल्यांदाच रोबोकॉनला, म्हणजे महाविद्यालयीन संघांच्या रोबो स्पर्धेला, उतरतोय. मुलांनी रोबोसाठी ६ एस लिपो पॅक निवडलाय, म्हणजे सहा सेल एकापुढे एक जोडलेली लिथियम पॉलिमर बॅटरी. नियमात मर्यादा २४ व्होल्टची आहे आणि पॅक पूर्ण चार्ज झाला की मीटर २५.२ दाखवतो, मग तपासणीत बाद होऊ का, ही पहिली शंका. विभागप्रमुख म्हणतात लिपो प्रयोगशाळेत आणायचीच नाही, यूपीएसची लेड ॲसिड बॅटरी लावा, ही दुसरी अडचण. आणि फेरी दिल्लीला आहे, पॅक तिथवर न्यायचे कसे, हा तिसरा प्रश्न.

मुलांनो, तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण तुम्ही न विचारलेल्या गोष्टींवर जास्त लिहिणार आहे, कारण चौदा वर्षं संघांबरोबर काम करताना बॅटरीचे जेवढे अपघात मी पाहिले, त्यातला एकही मैदानावर झालेला नाही. सामना ३ मिनिटांचा. त्या ३ मिनिटांवर पंचांची नजर असते, नियमपुस्तिका असते, रोबोवर आणीबाणीचं लाल बटण असतं. बॅटरी पेट घेते ती रात्री दीड वाजता, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, चार्जर लावून सगळे चहाला गेलेले असताना.

आधी २४ व्होल्टचं बघू. एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉनच्या अलीकडच्या नियमपुस्तिकांमध्ये वीजस्रोताची मर्यादा २४ व्होल्ट आहे आणि ती नाममात्र व्होल्टेजची, म्हणजे लेबलवर छापतात त्या व्होल्टेजची आहे. लिपोच्या एका सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७ धरतात. सहा सेलचे २२.२ झाले, म्हणजे ६ एस नियमात बसतो. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ पर्यंत जातो म्हणून तुम्हाला २५.२ दिसतात. त्याने घाबरू नका. दोन लेड ॲसिड बॅटऱ्या मालिकेत जोडल्या तरी ताज्या चार्जनंतर मीटर साडेपंचवीसच्या आसपासच दाखवतो आणि कागदावर त्या २४ व्होल्टच्याच असतात. म्हणून तर नियमात 'नाममात्र' हा शब्द आहे. तपासणीच्या टेबलावर वाद नको असेल तर पॅकवरचं मूळ लेबल शाबूत ठेवा. वर रंगीत टेप गुंडाळून, संघाचं नाव चिकटवून लेबल झाकणारे संघ मी दरवर्षी पाहते. तपासनीसाला २२.२ व्होल्ट हे छापलेलं वाचता आलं पाहिजे.

७ एस मात्र घेऊ नका. २५.९ होतात, तो सरळ बाद. लिथियम फॉस्फेटचा (लिथियम आयर्न फॉस्फेट, ही लिथियम बॅटरीची दुसरी जात) सेल ३.२ चा असतो, त्यामुळे बाजारात '२४ व्होल्ट' म्हणून मिळणारा ८ एस पॅक प्रत्यक्षात २५.६ नाममात्र भरतो. दुकानदार शपथेवर चोवीसचा सांगेल, पण लेबलवर २५.६ छापलेलं असेल तर तुम्ही अडकाल. नियमपुस्तिका दरवर्षी नवी निघते, त्यामुळे या वर्षीचं कलम स्वतः वाचा, आणि शंका असेल तर आयोजकांना लेखी विचारून उत्तराची प्रत फाइलमध्ये लावा.

नियमपुस्तिकेच्या याच प्रकरणात आणखी एक आकडा असतो, तो मुलं वाचून सोडून देतात. सर्किटमध्ये कुठेही ४२ व्होल्टच्या वर जायचं नाही. बॅटरी २४ ची लावून पुढे बूस्ट कन्व्हर्टरने व्होल्टेज वाढवायचं आणि सोलेनॉइडला (विजेवर दांडा ढकलणाऱ्या कॉइलला) जोराचा दणका द्यायचा, ही कल्पना प्रत्येक संघातल्या एका तरी हुशार मुलाला सुचते. फेकण्याचा खेळ असला की हमखास सुचते. २०२२ साली नवी दिल्लीत आंतरराष्ट्रीय फेरी झाली तेव्हा खेळ आपल्या लगोरीवर बेतलेला होता, आणि चेंडूला जोर कसा आणायचा यावर आमच्या मुलांनी महिनाभर डोकं लावलं होतं. कपॅसिटरची बँक भरून ६० व्होल्ट सोडायची, असा एक आराखडा माझ्यासमोर आला. मी तो त्याच दिवशी थांबवला. नियम मोडतो हे एक कारण होतं. दुसरं असं की भरलेला कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भरलेलाच राहतो आणि रोबो 'बंद' आहे म्हणून कोणीतरी त्यात हात घालतो.

आणि मोटरही व्होल्टेज वाढवते. चाकं जोरात फिरत असताना ड्रायव्हरने, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटने, ब्रेक लावला की मोटर जनित्र होते आणि वीज उलटी मुख्य वीजवाहिनीकडे येते. बॅटरी जोडलेली असेल तर ती हा धक्का पोटात घेते. पण तुम्ही लाल बटण दाबून बॅटरी तोडली आणि ड्रायव्हर अजून ब्रेक मारतोच आहे, तर त्या ऊर्जेला जायला जागा उरत नाही. क्षणात व्होल्टेज उसळतं आणि ड्रायव्हरचे मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) उडतात. म्हणून आणीबाणीच्या बटणाने ड्रायव्हरची इनेबल लाइनही (त्याला चालू ठेवणारा सिग्नल) सुटली पाहिजे, आणि मोठ्या ब्रशलेस मोटरी असतील तर ही ऊर्जा जिरवणारा ब्रेक रेझिस्टर लावा.

लाल बटणाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबते, कारण इथली चूक मी स्वतःच्या संघात होऊ दिली होती. बाजारात २२ मिलिमीटरचं छत्रीसारखं बटण मिळतं, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. त्यावर '१० अँपिअर' छापलेलं असतं. आमच्या मुलांनी ते थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये टाकलं. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी रोबो भिंतीकडे निघाला, मुलीने बटण दाबलं, बटण खटकन खाली बसलं आणि रोबो चालतच राहिला. भिंतीवर आदळून अडकला तरी चाकं घासत होती. शेवटी एकाने कनेक्टर ओढून काढला. नंतर बटण उघडलं तेव्हा आतल्या दोन चांदीच्या टिकल्या एकमेकींना वितळून चिकटलेल्या होत्या, डाळीच्या दाण्याएवढा काळा ठिपका.

कारण असं की ते १० अँपिअर २३० व्होल्ट एसीचे होते. घरातली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते आणि ठिणगी तिथे आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येत नाही. संपर्क सुटताना ठिणगी ताणत राहते, धातू वितळतो. घरातली साधी एमसीबी रोबोत लावणाऱ्यांनाही मी हेच सांगते. बरोबर पद्धत अशी: लाल बटणातून फक्त रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा थोडासा प्रवाह जाऊ द्या आणि मोटरींचा खरा प्रवाह रिले किंवा त्याचाच मोठा भाऊ, डीसी कॉन्टॅक्टर, तोडेल. ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात २४ व्होल्टचे रिले मिळतात. त्यावर डीसीला किती अँपिअर हे छापलेलं वाचा, १४ व्होल्टचा आकडा असेल तर तो १२ व्होल्टच्या कारचा रिले आहे, तो घेऊ नका. कॉइलला उलटा डायोड लावा. आणि बटण रोज सकाळी, मोटरी फिरत असताना, खरंच दाबून बघा. चाकं हवेत ठेवून, पण मोटरींमधून प्रवाह वाहत असताना.

(एक सूचना. बॅटरी दमली की व्होल्टेज घसरतं, कॉइल सुटते आणि रोबो मधेच मरतो. मुलं दोन दिवस प्रोग्रॅम तपासत बसतात. आधी मीटर लावा.)

आता विभागप्रमुखांचं. त्यांची भीती खोटी नाही, आणि तुम्ही त्यांच्याशी 'सगळे संघ लिपोच वापरतात' असा वाद घालू नका. ते म्हणतात ते करून बघितलं तर काय होतं ते सांगते. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-अडीच किलोची. तुम्हाला दोन लागतील. रोबोच्या वजनाला मर्यादा असते आणि त्यात बॅटरी धरतात. शिवाय ७ अँपिअर-तास हा आकडा वीस तास सावकाश वापरण्याचा आहे. त्यातून ३० अँपिअर ओढले तर निम्मीही क्षमता हाती लागत नाही आणि व्होल्टेज खाली बसतं. पण सरावाच्या पहिल्या महिन्यात, जेव्हा मुलं अजून सर्किट उलटंसुलटं जोडत असतात, तेव्हा लेड ॲसिड लावायला माझी काहीच हरकत नाही. उलट मी तसंच करते. चुका व्हायच्या त्या तिच्यावर होऊ देत.

जगात एक मोठी स्पर्धा तर याच वाटेने गेलेली आहे. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये, जिथे शाळकरी मुलं साठ किलोच्या घरातले रोबो चालवतात, रोबोची मुख्य बॅटरी एकच, १२ व्होल्टची सीलबंद लेड ॲसिड, आणि तिच्यापाठोपाठ १२० अँपिअरचा ब्रेकर. आपल्या मुंबईतले शालेय संघही तिथे जातात, त्यांनाही हेच लागू. व्हेक्स या दुसऱ्या रोबो स्पर्धेत कंपनीचा ठरलेला बॅटरी पॅक सोडून दुसरा लावताच येत नाही. या आयोजकांनी निवडच काढून घेतली, म्हणजे चूक करायला जागा कमी. रोबोकॉनने निवड तुमच्यावर सोडली आहे. हे स्वातंत्र्य मला आवडतं, अभियंता असाच घडतो, पण मग आयोजकांनी न घेतलेली काळजी तुम्हाला घ्यावी लागते आणि विभागप्रमुखांना नेमकी हीच चिंता आहे.

लेड ॲसिडही गरीब गाय नाही, हेही त्यांच्या कानावर घाला. पाना दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला तर तोही लाल होतो. चार्ज होताना हायड्रोजन सुटू शकतो, म्हणून कपाट बंद करून चार्ज करायची नाही. बॅटरी फुटून ओल आली तर खाण्याचा सोडा टाकून मगच पुसायची, हातमोजे घालून.

आता थोडा हिशोब. तुम्ही ५००० एमएएचचे, म्हणजे ५ अँपिअर-तासांचे, चार पॅक मागवायचं ठरवलंय. तुमच्या रोबोचा सरासरी प्रवाह २० अँपिअर धरला, तरी ३ मिनिटांत १ अँपिअर-तास खर्च होतो. म्हणजे पॅकमधल्या पाचपैकी चार अँपिअर-तास तुम्ही ओझं म्हणून वाहणार. तुम्हाला क्षमता कमी आणि झटक्यात जास्त प्रवाह देण्याची ताकद हवी आहे, आणि ती 'सी' आकड्यावर, म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह देता येतो त्यावर, अवलंबून असते. ४५०० एमएएच घेतलात तरी भरपूर झालं. तोच आकडा का सांगते, ते प्रवासाच्या भागात येईल. 'सी'च्या छापील आकड्यावरही फार विश्वास ठेवू नका. २५ सी लिहिलेल्या ५००० च्या पॅकने कागदावर १२५ अँपिअर सतत द्यायला हवेत. स्वस्त पॅक तेवढ्यात गरम तव्यासारखे तापतात. वापरून झाल्यावर हाताला कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर तो पॅक तुमच्या रोबोला पुरत नाहीये.

२४ व्होल्टने शॉक बसत नाही, म्हणून मुलांना हे सुरक्षित वाटतं. शॉकची गोष्टच वेगळी. ६ एस पॅकचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर वाहतात. हातातलं स्टीलचं कडं, घड्याळाचा पट्टा, अंगठी, यातलं काही दोन टोकांमध्ये आलं तर ते कातडीवरच तापून लाल होतं, आणि काढायला जाईपर्यंत भाजलेलं असतं. आमच्या प्रयोगशाळेच्या दारात एक स्टीलची वाटी ठेवलेली आहे. बॅटरीला हात लावणाऱ्याने कडं, अंगठी, घड्याळ त्यात काढून ठेवायचं. गळ्यातली साखळीसुद्धा. सुरुवातीला मुलं नाखूश असतात, महिनाभरात सवय होते.

माझ्या टेबलाच्या खणात एक वायर कटर आहे. त्याच्या दोन्ही पात्यांवर समोरासमोर अर्धगोल खाच आहे, जणू कोणी कानशीने घासून केली असावी. ती घासलेली नाही. एका मुलाने पॅकचा जुना कनेक्टर बदलायला घेतला आणि लाल-काळी दोन्ही वायर एकदम पात्यात धरून दाबली. धातूचा कटर, दोन्ही वायरी एकत्र, म्हणजे सरळ शॉर्ट. पात्याचा तेवढा भाग वितळून उडाला. त्याने चष्मा घातलेला होता, म्हणून डोळा वाचला. काचेवर तांबड्या धातूचे कण चिकटून बसले होते. नवीन मुलं आली की मी तो कटर हातात देते आणि खाचेवरून बोट फिरवायला सांगते. नियम एवढाच: एका वेळी एक वायर कापायची, तिला टेप लावायची, कनेक्टरचं ते टोक सोल्डर करून झाकायचं, मग दुसरीकडे वळायचं. बॅटरीच्या बाजूला नेहमी मादी कनेक्टर, ज्याचा धातू आत दडलेला असतो. एक्सटी-६० किंवा एक्सटी-९० चालतात. मोठ्या कपॅसिटरमुळे जोडताना ठिणगी पडत असेल तर ठिणगी रोखणारा एक्सटी-९० मिळतो, तो घ्या.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ, पॉझिटिव्हच्या वायरमध्ये. फ्यूज वायर वाचवायला असतो, त्यामुळे त्याचा आकडा वायर बघून ठरवायचा. गाडीचे पात्याचे फ्यूज कुठल्याही गॅरेजजवळच्या दुकानात मिळतात. ते वारंवार उडतात म्हणून मुलं जाड तार गुंडाळतात, त्या दिवशी मी सराव बंद करते. फ्यूज उडतो याचा अर्थ कुठेतरी मोटर अडकते आहे, ती शोधा.

पॅक रोबोत बसवताना ॲल्युमिनियमच्या कापलेल्या कडा कानशीने गोल करा. लिपोला टणक कवच नसतं, पातळ पिशवी असते, आणि सामन्यात धक्के बसतात. खाली फोम, वरून रुंद वेल्क्रो पट्टा. झिप-टायने आवळून बांधू नका, ती पिशवीत रुतते. आणि पॅक दहा सेकंदांत हाताने काढता आला पाहिजे, पाच स्क्रू उघडून नव्हे.

चार्जिंगबद्दल मी सगळ्यात कडक आहे, म्हणून सविस्तर सांगते. खोलीचा एक कोपरा ठरवा जिथे कागद, थर्माकोल, पडदा, लाकडी टेबल काही नाही. आमच्याकडे जमिनीवर शहाबादी फरशी आहे, तिच्यावर विटांचा बुटका चौकोन रचलेला आहे आणि पॅक त्यात असतो. चार्जर विटांच्या बाहेर. वर एका कडीला पातळ प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी वाळू टांगलेली आहे. खाली पेटलं तर प्लास्टिक वितळतं आणि वाळू आपोआप पडते. हे सगळं मिळून तुम्हाला काहीशे रुपयांत होईल. वर्ग बंद करून कुलूप लावून चार्ज करायचं नाही. होस्टेलच्या खोलीत तर कधीच नाही, गादीवर ठेवून चार्ज केलेले पॅक मी डोळ्यांनी पाहिलेले आहेत.

बॅलन्स वायर लावल्याशिवाय चार्ज करायचं नाही. ६ एसची ती छोटी पांढरी सात तारांची वायर असते. चार्जरवर प्रत्येक सेलचा आकडा दिसतो. सहा सेल एकसारखे चढले पाहिजेत. शेवटी एखादा सेल इतरांपेक्षा ०.१ व्होल्टने मागे-पुढे राहत असेल, आणि पुढच्या वेळीही तसंच होत असेल, तर तो पॅक रोबोतून बाहेर. चार्जरवर पॅकचा प्रकार आणि सेलची संख्या दोनदा वाचा, मोठ्याने वाचा, दुसऱ्याने ऐकून होकार द्यावा. लिथियम फॉस्फेटचा पॅक लिपोच्या सेटिंगवर लावला तर चार्जर त्याला ४.२ पर्यंत रेटतो आणि तो पॅक ३.६५ साठी बनलेला आहे.

५००० च्या पॅकला ५ अँपिअरने चार्ज करता येतं, पण बाजारातले बी-६ प्रकारचे बरेच चार्जर फार तर ८० वॉटचे असतात. २५ व्होल्टला ते सव्वातीन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाहीत. चार्जर बिघडला असं समजून कोणी तो उघडत बसू नये. त्याला दोन तास लागतात, तेवढे द्या. सामन्यातून आलेला गरम पॅक लगेच लावायचा नाही, गार होऊ द्यायचा.

वापरताना एक छोटा बझर बॅलन्स वायरला लावून ठेवा, तो ३.५ व्होल्टला ओरडेल असा. किंमत किरकोळ आहे. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की आतून बिघडतो आणि पुढच्या चार्जला फुगतो. आणि काम झालं की पूर्ण भरलेला पॅक कपाटात ठेवू नका. चार्जरवर 'स्टोरेज' नावाची सोय असते, ती सेलला ३.८ च्या आसपास आणून थांबते. परीक्षेच्या सुट्टीत भरलेले ठेवलेले पॅक जूनमध्ये फुगलेले निघतात, उन्हाळ्यात बंद खोलीत तर नक्कीच.

यासाठी एक वही ठेवा. पॅकला नंबर, तारीख, कोणी चार्ज केला, सहा सेलचे आकडे, कोण समोर बसलं होतं. ही वही विभागप्रमुखांना दाखवा. माझा अनुभव असा की नकार देणारे बहुतेक शिक्षक हे बघून तयार होतात, कारण त्यांना लिपोची भीती कमी आणि कुणाचंच लक्ष नसण्याची भीती जास्त असते. त्यांना स्वतः येऊन चार्जिंगचा कोपरा बघायला बोलवा, आणि खोलीच्या कुलपाची एक किल्ली त्यांच्याकडे द्या.

पेटलंच तर काय करायचं, हेही भिंतीवर लिहून ठेवा. आधी भिंतीवरचं बटण बंद. धूर श्वासात घ्यायचा नाही, त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात, तो फुप्फुसाला जाळतो. सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या आधीच उघड्या असाव्यात. लिथियमला पाणी लागता कामा नये असं अनेकजण सांगतात, ते शुद्ध लिथियम धातूबद्दल खरं आहे. आपल्या पॅकमध्ये तसा धातू नाही. इथे खरी गरज आहे ती थंड करण्याची, आणि भरपूर पाणी ते काम करतं, फक्त मुख्य वीज बंद केलेली हवी. पावडरचं नळकांडं ज्वाला दाबतं, पण आतली उष्णता तशीच राहते आणि पॅक पुन्हा पेट घेतो. वाळू आग पसरू देत नाही. पॅक हाताने उचलून बाहेर पळण्याचा प्रयत्न कोणी करू नये. तळहात भाजलेला एक हुशार मुलगा मला माहीत आहे.

फुगलेला पॅक टोचायचा नाही, दाबून बसवायचा नाही. अजून शाबूत असेल तर ट्रकचा २४ व्होल्टचा हेडलाइट बल्ब लावून, मोकळ्या जागेत, लक्ष ठेवून शून्यापर्यंत उतरवा. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा असा सल्ला मिळतो, मी तो देत नाही. टोकं गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहतो. ज्याला मार लागलाय, ज्यातून गोडसर वास येतोय, त्याला चार्ज-डिस्चार्ज काहीही नको, वाळूच्या बादलीत बाहेर ठेवा. नंतर अधिकृत ई-कचरा संकलनाकडे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ पासून लागू आहेत, घंटागाडीत बॅटरी टाकता येत नाही.

रोबोत वापरायच्या दाबलेल्या हवेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नियमपुस्तिकेत वीजस्रोताच्या त्याच प्रकरणात तीही येते. दाब ६०० किलोपास्कलच्या वर नको. नियम प्लास्टिकच्या बाटल्यांनाही परवानगी देतो, पण त्या निर्दोष हव्यात. ओरखडा पडलेली, उन्हात राहिलेली, एकदा चेपलेली बाटली फेकून द्या. नवीन बाटली वापरण्याआधी तिच्यात काठोकाठ पाणी भरून दाब देऊन बघा. पाणी भरलेली बाटली फुटली तर नुसती गळते, हवा भरलेली फुटली तर तुकडे उडतात.

आता दिल्ली. विमानाने जाणार असाल तर हिशोब वॉट-तासांचा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ५००० एमएएचचा ६ एस पॅक १११ वॉट-तास भरतो. १०० पर्यंतचे सुटे पॅक हातातल्या सामानात नेता येतात. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि माणशी दोनच. १६० च्या वर प्रवासी सामानात मनाईच. ४५०० एमएएचचा पॅक ९९.९ भरतो, म्हणून मघाशी तो आकडा सांगितला. सुटा लिथियम पॅक चेक-इन बॅगेत कधीच टाकायचा नाही. प्रत्येकाच्या टोकांना टेप, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, आणि लेबलवर वॉट-तास वाचता यावेत. सुरक्षा तपासणीला जवान विचारेल तेव्हा संघाच्या कॅप्टनने शांतपणे लेबल दाखवावं. विमान कंपनीला तिकीट काढतानाच ईमेल करा आणि उत्तराची छापील प्रत सोबत ठेवा.

झेलम किंवा गोवा एक्सप्रेसने निघालात तर एका दिवसाहून जास्त प्रवास आहे. रोबो पार्सलने पाठवत असाल तर पॅक काढूनच पाठवा, हवेच्या टाक्या रिकाम्या करून झडपा उघड्या ठेवा, आणि काय काय पाठवतोय ते पार्सल कार्यालयात आधी जाऊन विचारून घ्या. पॅक स्टोरेज व्होल्टेजला आणलेले असू द्या, भरलेले नकोत. पत्र्याच्या डब्यात, मधे पुठ्ठे घालून, डब्याचं झाकण हवाबंद न करता. रेल्वेच्या डब्यात वातावरण थंड राहील अशी जागा निवडा, आणि गाडीतल्या सॉकेटवर लिपो चार्ज करायचा विचारही मनात आणू नका. स्टेडियमवर पोहोचल्यावर चार्जिंगची जागा कुठे ठरवून दिली आहे ते पहिल्या तासात शोधा आणि तुमच्या फरशीचा एक तुकडा पेटीत बरोबर न्या, तिथे टेबल लाकडीच असतात.

सर्किटचा आराखडा एका कागदावर काढून मला दाखवा. बॅटरी, फ्यूज, रिले, लाल बटण, ड्रायव्हर, एवढंच पुरे. वायरी कितीच्या जाडीच्या आहेत ते प्रत्येक रेषेवर लिहा, मग फ्यूज कितीचा घ्यायचा ते बोलू.